पाकिटात पडून असलेले क्रेडिट कार्ड : नव्या सावकाराची वही वाचायला शिका



आपल्या वस्त्यांमधून, गावकुसाबाहेरच्या वाड्यांमधून निघालेली पोरंपोरी आज पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात नोकरीला लागली आहेत. घरात पगाराची स्लिप पाहणारी ही पहिलीच पिढी. पहिला पगार खात्यात पडतो आणि आठवड्याभरात फोन सुरू होतात. "तुमच्यासाठी लाइफटाइम फ्री कार्ड मंजूर झालंय, फक्त ओटीपी सांगा." मॉलच्या दारात, रेल्वे स्टेशनवर, कंपनीच्या कॅन्टीनबाहेर टेबल लावलेले असते. त्या टेबलामागे बसलेला पोरगाही बहुधा आपल्यातलाच असतो, महिन्याचे टार्गेट आणि कमिशन डोक्यावर घेऊन. त्याला नाही म्हणवत नाही. कार्ड घरी येते, पाकिटात जाते आणि तिथेच राहते. काही महिन्यांनी प्रश्न येतो, "वापरत तर नाही, मग याने सिबिल बिघडेल का?"

या प्रश्नाला सध्या दोन उत्तरे मिळतात. मोबाइलवरचे पैशांचे गुरू सांगतात, "कार्ड कधीच बंद करू नका, स्कोअर पडेल." चळवळीतली जुनी माणसे सांगतात, "कर्ज म्हणजे गुलामगिरी, कार्ड कात्रीने कापून टाक." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे आपल्या तरुणांचे नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचे म्हणणे असे. न वापरलेले कार्ड स्वतःहून कुणाचा स्कोअर पाडत नाही. पण ते मुकेही नसते. त्याच्या नावाने एक वही उघडलेली असते आणि त्या वहीत नियमितपणे तुमच्याबद्दल काहीतरी लिहिले जाते. ती वही तुम्ही वाचत नसाल तर दुसरा कुणी ती वाचून तुमच्याबद्दल निर्णय घेतो. अशा वह्यांचा इतिहास आपल्या समाजाला नवा नाही.

वही बदलली, सावकार बदलला

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चे नेले. त्यांनी काय जाळले? कर्जरोखे आणि खतपत्रे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा ज्या कागदावर उमटला होता, तो कागद. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद झालेल्या त्या उठावानंतर इंग्रज सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच लुटीची चिरफाड आहे. विद्येअभावी शूद्रातिशूद्रांचे काय झाले, हे तात्यासाहेबांनी सांगितले, तेव्हा त्या अविद्येत सावकाराची वही वाचता न येणेही होते.

आज सावकाराची वही सर्व्हरमध्ये आहे. २००० साली सिबिल ही कंपनी स्थापन झाली. २००५ साली क्रेडिट माहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. तुम्ही घेतलेले प्रत्येक कर्ज, प्रत्येक क्रेडिट कार्ड, त्याचे लिमिट, त्यावरची बाकी आणि हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे सगळे बँका या कंपन्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक आकडा तयार होतो. साधारणपणे ७५० च्या वर असला की बँकवाला हसून बोलतो.

या वहीत काय लिहिले जात नाही, हेही पाहा. तुमच्या बचत खात्यातली शिल्लक त्यात नसते. आईने वर्षानुवर्षे काढलेली भिशी नसते. दर महिन्याला न चुकता दिलेले खोलीचे भाडे साधारणपणे नसते. डेबिट कार्डाने आणि यूपीआयने केलेला रोखीचा व्यवहार नसतो. आयुष्यभर कुणाचा एक पैसा न बुडवलेला माणूस या वहीत कोरा असतो. त्याच्या अहवालावर 'इतिहास नाही' असा शेरा येतो आणि कर्ज मागायला गेला की साहेब मान हलवतो. बापाने कर्ज बुडवले म्हणून नव्हे. बापाला कुठल्या बँकेने कधी दारातच उभे केले नाही म्हणून.

पडून असलेले कार्ड नेमके काय करते?

आता मुद्द्याकडे येऊ. हे नीट समजून घ्या आणि दुसऱ्यांना समजावून सांगा.

पहिली गोष्ट, लिमिटच्या वापराचे प्रमाण. समजा तुमच्याकडे दोन कार्डे आहेत. एकाचे लिमिट ६०,००० रुपये, दुसऱ्याचे ४०,०००. पहिले पडून आहे, दुसऱ्यावर महिन्याला २४,००० खर्च होतो. एकूण लिमिट एक लाख आणि वापर २४,०००, म्हणजे २४ टक्के. हे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आत असावे असे मानले जाते. आता ते पडून असलेले कार्ड बंद केले. लिमिट उरले ४०,०००, खर्च तोच. प्रमाण झाले ६० टक्के. तुम्ही एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, एकही बिल थकवले नाही, तरी वही म्हणते की हा माणूस उधारीवर जास्त अवलंबून आहे. म्हणजे पडून असलेले कार्ड या बाबतीत तुमच्या फायद्याचेच असते.

दुसरी गोष्ट, खात्याचे वय. जितके जुने खाते आणि जितका स्वच्छ व्यवहार, तितका स्कोअरला आधार. म्हणून सगळ्यात जुने कार्ड घाईने बंद करू नये. मात्र बंद केले की सगळा इतिहास त्याच दिवशी पुसला जातो, हा गुरूंनी पसरवलेला गैरसमज आहे. बंद झालेले खातेही अहवालात अनेक वर्षे राहते, चांगल्या नोंदीसह.

तिसरी गोष्ट, ज्याचा वापरच नाही त्याची वागणूक कशी मोजणार? वेळेवर बिल भरल्याची नोंद होण्यासाठी आधी बिल यावे लागते. दोन वर्षे पाकिटात पडलेले कार्ड लिमिट वाढवते, पण तुम्ही शिस्तीचे आहात याचा पुरावा तयार करत नाही. ज्यांच्या नावावर दुसरे कोणतेच कर्ज नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

चौथी गोष्ट, बँक स्वतःच ते कार्ड बंद करू शकते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरले नाही तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. ३० दिवसांत तुमचे उत्तर गेले नाही, तर कार्ड बंद. म्हणजे वर सांगितलेला २४ वरून ६० टक्क्यांचा फटका तुम्ही काहीही न करता बसू शकतो. ज्या कार्डाचा तुम्हाला उपयोग आहे, ते अधूनमधून वापरा. मोबाइलचा रिचार्ज करा, स्पर्धा परीक्षेचे एखादे पुस्तक घ्या आणि बिल पूर्ण भरून मोकळे व्हा.

इथपर्यंत हे हिशेबाचे गणित झाले. खरा घात पाचव्या गोष्टीत आहे.

५८९ रुपयांची किंमत

'पहिल्या वर्षी मोफत' असे सांगून दिलेल्या कार्डाला दुसऱ्या वर्षी फी लागते. समजा ती ४९९ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ५८९ रुपये. आता गंमत बघा. वर्षात ठरावीक रकमेची खरेदी केली की अनेक कार्डांवर ही फी माफ होते. म्हणजे जो खर्च करतो त्याला फी नाही, आणि ज्याने कार्डाला हातही लावला नाही त्याच्या नावावर फी. काटकसर करणाऱ्याला दंड आणि उधळणाऱ्याला बक्षीस, असा हा हिशेब.

बिल कुठे जाते? कार्ड घेताना दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता समाजकल्याणच्या वसतिगृहाचा असतो, नाहीतर चार पोरांनी मिळून घेतलेल्या खोलीचा. मेसेज कुठे जातो? बंद झालेल्या सिमवर. ईमेल जाहिरातींच्या ढिगात गाडला जातो. त्या पोराच्या मनात एकच गोष्ट पक्की असते, "मी कार्ड वापरलंच नाही, मग पैसे कशाचे?" तिकडे उशिराचा दंड लागतो, दंडावर जीएसटी लागतो आणि वहीत दिवस मोजले जातात : ३० दिवस थकीत, ६० दिवस थकीत, ९० दिवस थकीत. वर सांगितलेला एका वर्षाचा नियमही इथे मदतीला येत नाही, कारण येणे बाकी असेल तर बँक कार्ड बंद करत नाही. फी फिटत नाही म्हणून कार्ड बंद होत नाही, आणि कार्ड बंद होत नाही म्हणून पुढच्या वर्षीची फी पुन्हा लागते.

कुणी म्हणेल, पाचशे-सहाशे रुपयांचा काय एवढा बाऊ? आता स्टेट बँकेच्या भरतीची जाहिरात काढून वाचा. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असल्याची नोंद ज्याच्या नावावर आहे, किंवा सिबिलसारख्या संस्थेचा प्रतिकूल अहवाल ज्याच्याविरुद्ध आहे, तो नियुक्तीस पात्र नाही, अशी अट त्यात असते. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले. निवड झालेल्या उमेदवाराची नियुक्ती बँकेने प्रतिकूल सिबिल अहवालामुळे रद्द केली होती. आपण सगळी देणी आधीच फेडली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला.

मित्रांनो, याचा अर्थ लक्षात घ्या. आरक्षण मिळावे म्हणून आपल्या तीन पिढ्या रस्त्यावर उतरल्या. जातपडताळणीचे प्रमाणपत्र मिळवायला आपण तालुक्याला, जिल्ह्याला हेलपाटे घातले. अभ्यासिकेत रात्री जागून पोरगी बँकेच्या परीक्षेत पास झाली. आणि कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी चार वर्षांपूर्वी मॉलच्या दारात घेतलेले, एकदाही न वापरलेले एक कार्ड तिच्यासमोर उभे राहिले. त्या मॉलमध्ये तिने एक कप चहासुद्धा त्या कार्डावर घेतलेला नव्हता. अशी वेळ आपल्या एकाही पोरीवर येऊ नये, यासाठी हा लेख आहे.

'कार्ड कापून टाका' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना

आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांबद्दल आम्हाला आदर आहे. कर्जापायी वेठबिगारीत गेलेली घरे त्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे. पण "कर्जाचे नावच नको" ही भूमिका आंबेडकरी म्हणता येणार नाही.

बाबासाहेब १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले, ते कशाच्या जोरावर? सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांनी केलेली मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. भथेनांनी स्कोअर विचारला नव्हता, माणूस ओळखला होता. त्या प्रवासातून १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ उभा राहिला. त्याआधी १९१८ मध्ये शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जमिनीचा तुकडा लहान असणे हा मूळ रोग नाही. त्या जमिनीला जोडायला भांडवल आणि साधने नाहीत, हा रोग आहे. भांडवल कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला.

म्हणून कर्ज कशासाठी आणि कुणाच्या अटीवर, हा आपला प्रश्न असला पाहिजे. शिक्षणासाठी, घरासाठी, धंद्यासाठी बँकेचे रास्त दराचे कर्ज मिळणे हा आपला हक्क आहे. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती. पण योजनेचा कागद घेऊन शाखेत गेलेल्या पोराला साहेब पहिला प्रश्न कोणता विचारतो? "सिबिल किती आहे?" ज्याने कार्ड कात्रीने कापले, पण बँकेला लेखी कळवले नाही, त्याचे खाते चालूच असते, फी चालूच असते. प्लास्टिक कापल्याने वही बंद होत नाही. आणि ज्याने कधी काहीच घेतले नाही, त्याचे पान कोरे. दोघांनाही मग खासगी फायनान्सवाल्याच्या किंवा गल्लीतल्या व्याजाने पैसे देणाऱ्याच्या दारात जावे लागते. सावकारापासून दूर पळण्याच्या नादात आपण पोरांना त्याच्याच ओट्यावर नेऊन बसवतो.

'कधीच बंद करू नका' म्हणणाऱ्या गुरूंना

आता दुसऱ्या बाजूला येऊ. मोबाइलवर रोज नवा गुरू उगवतो. सात कार्डे ठेवा, पॉइंट जमवा, विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट जेवा, आणि काहीही झाले तरी कार्ड बंद करू नका, असा त्याचा उपदेश असतो. व्हिडिओच्या खाली कार्डासाठी अर्ज करायची लिंकही असते. हा सल्लागार आहे की दलाल, ते तुम्हीच ठरवा.

ज्याच्या घरात अडीअडचणीला धावून येणारी दुसरी पगाराची स्लिप आहे, त्याला सात कार्डे खेळवता येतात. आपल्या पोराचा पगार एक आणि त्याच्यावर अवलंबून माणसे सात. गावाकडे कुणी आजारी पडले, बहिणीचे लग्न ठरले, की पडून असलेले कार्ड बाहेर निघते. "फक्त मिनिमम ड्यू भरा" हे वाक्य तेव्हा गोड वाटते. पण उरलेल्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या घरात. कार्डाच्या थकबाकीवर तीस टक्क्यांहून अधिक व्याज म्हणजे अनुचित व्यापार, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. आता त्या मर्यादेचाही आधार उरलेला नाही.

म्हणून आमचा सल्ला गुरूंच्या उलट आहे. हात आवरत नसेल, फी लागत असेल, किंवा किती कार्डे आहेत हेच लक्षात राहत नसेल, तर जादा कार्ड बंद करा. स्कोअरचे थोडे गुण जातील. वेळेवर भरणा करत राहिलात तर काही महिन्यांत ते परत मिळतील. बेचाळीस टक्क्यांच्या खड्ड्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. आणि घरकर्ज किंवा शैक्षणिक कर्जाचा अर्ज तोंडावर असेल, तर त्याआधीच्या काही महिन्यांत कार्ड बंदही करू नका आणि नवे घेऊही नका. नव्या अर्जाची प्रत्येक चौकशीसुद्धा वहीत नोंदली जाते.

स्कोअर म्हणजे नवे 'मेरिट'?

काही लोक सिबिल स्कोअरकडे आता चारित्र्याचा दाखला म्हणून पाहू लागले आहेत. लग्नाच्या बोलणीत स्कोअर विचारल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. इथे आम्हाला जुना वास येतो. 'मेरिट' या शब्दाने आपल्याशी हाच खेळ केला होता. कुणाच्या घरात पुस्तकांचे कपाट होते आणि कुणाच्या घरात दिवाही नव्हता, हे न विचारता दोघांना एकाच कागदावर मोजायचे आणि निकालाला गुणवत्ता म्हणायचे.

सिबिलच्या अहवालात जातीचा रकाना नाही, हे खरे आहे. जातीचा रकाना नसल्याने जातीचा इतिहास मात्र नाहीसा होत नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तारण ठेवायला जमीन होती, दुकान होते, बँकेत ओळखीचा मॅनेजर होता, त्यांची वही भरलेली आहे. आपली आत्ता उघडली आहे. आणि हा स्कोअर मोजतो तरी काय? सावकाराला तुमच्यापासून धोका किती, एवढेच. तुम्ही प्रामाणिक आहात का, कष्टाळू आहात का, आईचे औषध आधी आणले की बिल आधी भरले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. नेमके सूत्र काय आणि कशाला किती गुण, याचा सगळा तपशील कंपन्या खुला करत नाहीत. ज्याची परीक्षा घेतली जाते त्याला उत्तरपत्रिका कशी तपासली हे कळू द्यायचे नाही, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की केवळ सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. आपल्या राज्यातही पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. म्हणजे हा आकडा दगडावरची रेघ नाही. जिथे लोकांनी प्रश्न विचारला, तिथे तो मागे हटला आहे.

नियम आपल्याही बाजूचे आहेत

नियम माहीत नसलेल्या माणसाला कस्टमर केअरवाला दहा मिनिटे गाणे ऐकवून फोन ठेवतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने घालून दिलेले हे नियम पाठ करा :

१. तुम्ही न मागितलेले कार्ड बँक देऊ शकत नाही. संमतीशिवाय दिले, सुरू केले आणि बिल लावले, तर ते बिल रद्द करून त्याच्या दुप्पट दंड बँकेने तुम्हाला द्यायचा आहे.

२. कार्ड मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही ते सुरू केले नाही, तर बँकेने ओटीपीने तुमची संमती मागायची. तुम्ही संमती दिली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत एक पैसाही न घेता खाते बंद करायचे. सुरूच न केलेल्या नव्या कार्डाची माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना पाठवताही येत नाही. म्हणून कोणताही ओटीपी विचार न करता सांगू नका.

३. थकबाकी नसेल आणि तुम्ही कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालेच पाहिजे. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. विनंती लेखी करा, ईमेल जपून ठेवा आणि 'बाकी नाही' असे पत्र मागून घ्या.

४. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बिल थकल्याशिवाय ते थकीत म्हणून कळवता येत नाही, आणि थकबाकीदार म्हणून नोंद करण्याआधी तुम्हाला कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याजही आकारता येत नाही.

५. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळवण्याचा तुमचा हक्क २०१७ पासून आहे. अहवालात चूक आढळली आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. वकील लागत नाही.

थकबाकी निघालीच, तर वसुली एजंटच्या "अर्धे भरा, सेटल करून टाकतो" या बोलण्याला घाईने हो म्हणू नका. तसे केल्यास वहीत 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षे आडवा येतो. चुकीची फी असेल तर आधी तक्रार करा. बरोबर असेल आणि झेपत असेल, तर पूर्ण भरून खाते 'क्लोज्ड' करून घ्या.

विहारात एक संध्याकाळ याच्यासाठी

हे काम एकट्याने मोबाइल घेऊन बसण्याचे नाही. आपल्याकडे विहार आहेत, अभ्यासिका आहेत, युवक मंडळे आहेत. १४ एप्रिलला डीजेवर जो खर्च होतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात वस्तीतल्या प्रत्येक नोकरदार पोराचा आणि पोरीचा अहवाल काढून, छापून, एकत्र बसून वाचता येईल. कुणाच्या नावावर माहीत नसलेले कार्ड निघेल. कुणाचे बंद केलेले खाते अजून चालू दिसेल. कुणाच्या वहीत दुसऱ्याचेच कर्ज चिकटलेले असेल. बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांत अडकलेल्या आया-बहिणींचे अहवालही काढा. तक्रारीचा एक नमुना तयार करा आणि सगळ्यांना द्या. बँक परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर अर्ज भरण्याच्या आधीच हे काम उरकून घ्यावे.

आणि एवढ्यावर थांबू नका. मागण्या करा. फक्त वार्षिक फी थकलेल्या, कधीही न वापरलेल्या कार्डाची नोंद थकबाकी म्हणून होता कामा नये. सार्वजनिक बँकांच्या भरतीत स्कोअरची कात्री लावताना रक्कम किती, कारण काय, हे पाहिलेच पाहिजे. कर्ज देण्यासाठी बनवलेल्या आकड्यावर घटनेने दिलेली नोकरीची संधी कापली जाऊ नये. स्कोअर कसा काढला, हे ज्याचा स्कोअर आहे त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचे कोरे पान हा गुन्हा मानला जाऊ नये.

सुप्याच्या शेतकऱ्यांना वही वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती जाळली. त्यांचा राग रास्त होता. आपल्याला बाबासाहेबांनी वाचायला शिकवले आहे. तेव्हा आज रात्री पाकीट उघडा, पडून असलेले कार्ड बाहेर काढा, त्याची फी किती, बाकी किती, पत्ता आणि मोबाइल नंबर कुठला, हे तपासा. ठेवायचे असेल तर जाणीवपूर्वक ठेवा, बंद करायचे असेल तर लेखी बंद करा. आणि हे झाले की शेजारच्या खोलीतल्या मित्राचे पाकीट उघडायला सांगा.

जय भीम! जय जोती! जय संविधान!